पोरं कमी म्हणून शाळा बंद? मग उद्या माणसं कमी म्हणून पाडा बंद!



आमच्या पाड्याची शाळा बंद करायचं चाललंय. लेखी आदेश अजून हातात आलेला नाही. जानेवारीत तालुक्याहून दोन साहेब आले, पट बघितला, पोरं मोजली, खोलीचा फोटो काढला. जाताना गुरुजींना सांगून गेले, "जूनपासून तुमचं समायोजन होणार." समायोजन म्हणजे काय, हे म्हाताऱ्यांना कळलं नाही. मी सांगितलं, आपली शाळा उचलून दुसऱ्या गावच्या शाळेत टाकायची. आजी म्हणाली, "मंग सरळ बंद करतो सांग ना. एवढा मोठा शब्द कशाला?"

आजीचं बरोबर आहे. बंद म्हटलं की लोक उठतात, समायोजन म्हटलं की लोक गप्प बसतात. म्हणून हे लिहायला घेतलं. हा एकट्या आमच्या पाड्याचा प्रश्न नाही. डोंगरपट्टीत जिथे जिथे वीस-पंचवीस घरांचा पाडा आहे, तिथे आज ना उद्या हेच साहेब येणार.

आमच्या शाळेच्या पटावर १४ पोरं आहेत. साहेब आले त्या दिवशी हजर होती ६. बाकीची ८ कुठे होती? आईबापाबरोबर वीटभट्टीवर. दिवाळी झाली की आमचा अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे जातो तो होळीला परत येतो, हे तालुक्यातल्या लहान पोराला बी माहीत आहे. साहेबांना माहीत नसेल? तरी ते जानेवारीतच आले. जुलैत आले असते तर १४ पोरं दिसली असती. पण जुलैत ते येऊ शकत नाहीत, कारण मधली नदी भरलेली असते आणि त्यांची गाडी पलीकडेच अडकते. जी नदी साहेबाची गाडी अडवते, तीच नदी ओलांडून आमच्या सहा वर्षांच्या पोराने दुसऱ्या शाळेत जायचं!

ही दुसरी शाळा साडेतीन किलोमीटरवर आहे. रस्ता अर्धा जंगलातून. नदीवर साकव नाही. दोनदा अर्ज दिला, दोनदा पोच मिळाली, साकव मिळाला नाही. पावसाळ्यात मोठी माणसं बी एकमेकांचा हात धरून पलीकडे जातात. मग पहिलीतलं पोर कसं जाणार? ते जाणारच नाही. चार दिवस बाप सोडायला जाईल, पाचव्या दिवशी लावणी असेल, पोर घरी राहील. पोरगी असेल तर तिच्या कडेवर धाकटा भाऊ येईल. त्यानंतर ती शाळेत परत जात नाही, हे आपण सगळ्यांनी आपल्याच घरात बघितलेलं आहे.

कायदा काय सांगतो

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत फुकट शिक्षण मिळालं पाहिजे, असा तो कायदा. नियमांत अंतर बी लिहिलं आहे. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. आणि केंद्राच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. डोंगर असेल, पूर येत असेल, रस्ता नसेल, लहान मुलांना धोका असेल, तर शाळा अशा जागी द्यायची की तो धोका टळेल, त्यासाठी हे अंतर आणखी कमी करायचं. म्हणजे आमच्यासारख्या ठिकाणी शाळा जवळ आणायची, लांब न्यायची नाही.

साहेब लोक २० चा आकडा पुढे करतात. तो आकडा आला कुठून? महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत आहे की १ किलोमीटरच्या भागात ६ ते ११ वयाची कमीत कमी २० मुलं असली की तिथे शाळा द्यायची. हा आकडा नवी शाळा काढण्यासाठी आहे. चालू शाळेला टाळं लावण्यासाठी तो वापरायचा, हे कुठून आलं? आणि नियमात भागातली मुलं मोजायची आहेत. साहेब मोजतात जानेवारीत बाकावर बसलेली.

त्याच कायद्यात आणखी एक आकडा आहे, तो मात्र साहेब सांगत नाहीत. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत. आमच्या शाळेत तीन वर्षं झाली, एकच गुरुजी आहेत. दुसऱ्यांची बदली झाली, जागा भरली नाही. एक गुरुजी चार वर्ग घेणार, खिचडीचा हिशेब ठेवणार, मोबाइलवर माहिती भरणार, मीटिंगला तालुक्याला जाणार. गुरुजी मीटिंगला गेले की शाळा बंद. असं बघून चार घरांनी पोरं आश्रमशाळेत टाकली आणि तीन घरांनी कर्ज काढून इंग्लिश मीडियमच्या जीपमध्ये बसवली. आधी गुरुजी कमी केले, मग पोरं कमी झाली, आणि आता पोरं कमी म्हणून शाळा बंद. बैलाला चारा द्यायचा नाही, आणि मग बैल मरतुकडा आहे म्हणून विकायला काढायचा, त्यातला हा प्रकार.

हे आजचं नाही. २०१७ च्या डिसेंबरात सरकारने १० पेक्षा कमी पोरांच्या १,३०० च्या आसपास शाळा बंद करायचं ठरवलं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळेचं पत्रक निघालं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठी शाळा करायची. तेव्हा राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा होत्या. पत्रकात तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले दिले होते. त्यावर राज्यभर ओरड झाली. पण पाड्यावर मोठं पत्रक येत नाही, तिथे साहेबाचं तोंडी बोलणं येतं. तोंडी बोलण्यावर अपील करता येत नाही, म्हणूनच ते तोंडी असतं.

शाळा नव्हती तेव्हा आणि शाळा आली तेव्हा

माझी मोठी बहीण आणि मी, आमच्यात आठ वर्षांचं अंतर. ती लहान होती तेव्हा पाड्यावर शाळा नव्हती. ती शेळ्यांमागे गेली, मग भट्टीवर गेली, मग लग्न झालं. आज ती अंगठा लावते. मी सहा वर्षांची झाले तेव्हा पाड्यावर वस्तीशाळा आली. आमच्या घराच्या पडवीतच पहिलं वर्ष भरली. पडवी आमची म्हणून मला पळून जायला जागाच नव्हती! गुरुजी चिंचोके मांडून बेरीज शिकवायचे. पुस्तकातला शब्द आम्हाला कळला नाही की आमच्या बोलीत काय म्हणतात ते आजीला विचारायचे आणि आम्हाला सांगायचे. पुढे तीच जिल्हा परिषदेची शाळा झाली. मी तिथे चौथी केली, पुढे आश्रमशाळेत राहून बारावी केली. माझी हुशारी बहिणीपेक्षा जास्त नव्हती. फरक एवढाच की माझ्या वेळी शाळा पडवीत होती.

आता याचा जमिनीशी काय संबंध, ते सांगते.

वन हक्काचा आमचा दावा मंजूर झाला तेव्हा तालुक्याला कार्यक्रम झाला, मांडव घातला, माइकवर नाव पुकारून बाबांच्या हातात पट्टा दिला. बाबा खूष. कागद पत्र्याच्या पेटीत कपड्याखाली ठेवला. मी सुट्टीला घरी आले तेव्हा काढून वाचला. आम्ही कसतो तो प्लॉट चार एकरांचा, दावा बी चार एकरांचा. कागदावर होते ११ गुंठे! बाबांना मांडवात कोणी वाचून दाखवलं नव्हतं. मी घरोघर जाऊन कागद मागितले. आठ घरांचं तसंच होतं. मग संघटनेच्या साथींना बोलावलं, अपिलाचे अर्ज लिहिले. अपिलाला साठ दिवसांची मुदत असते, आमचे नऊ दिवस उरले होते.

त्या आठ घरांचे अर्ज लिहिणारे आम्ही तिघं होतो, आणि तिघं बी त्याच पडवीतल्या शाळेतले. ही शाळा आली नसती, तर ते कागद अजून पेटीतच असते आणि जमीन दुसऱ्याच्या नकाशावर.

आपल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय, सावकार कसा कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. १९४५ ला वारली उठले ते वेठ आणि लग्नगडीविरुद्ध. त्या गुलामीला बांधून ठेवणारी दोरी काय होती? आपल्याला वाचता न येणारा कागद. ती दोरी पोरांच्या हातातल्या पाटीने तुटली. आता पाटी काढून घेतली तर दोरी परत वळायला किती वेळ लागतो?

शाळा म्हणजे पाडा असल्याचा पुरावा

आमच्या पाड्यावर सरकारचं म्हणून एकच घर आहे, ते म्हणजे शाळेची खोली. मतदान तिथेच, लसीकरण तिथेच, १५ ऑगस्टचा झेंडा तिथेच. पाऊस जास्त झाला, घराचं छप्पर उडालं, तर लोक तिथेच झोपतात. आमची ग्रामसभा शाळेच्या पडवीत बसते. ती खोली गेली की सरकारच्या वहीत आमचा पाडा म्हणजे नुसती झाडी. उद्या धरण काढायचं असेल, रस्ता काढायचा असेल, कोणाला जागा द्यायची असेल, तर नकाशावर बोट ठेवून म्हणतील, "इथे कोणी राहत नाही. शाळा बी नाही बघा."

दुसरी गोष्ट शाळेच्या रजिस्टरची. जातीचा दाखला काढायला गेलं, पडताळणीला गेलं, की १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आपले आजे-पणजे शाळेतच गेले नाहीत, तर पुरावा आणायचा कुठून? किती पोरांचं ॲडमिशन यात अडकलं ते आपल्याला माहीत आहे. आज आमच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये वीस वर्षांची नावं आहेत. नाव, जात, जन्मतारीख, गाव. आमच्या नातवंडांसाठी हाच पुरावा. शाळा बंद झाली की हे रजिस्टर कोणत्या कपाटात जाईल, कोणती वाळवी खाईल, कोण सांगणार?

तिसरी गोष्ट जागेची. वन हक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावासाठी वनजमिनीवर शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा सोयी करता येतात. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे शाळेला जागा देताना सरकारला ग्रामसभा लागते. मग शाळा काढून घेताना ग्रामसभा नको? देताना आमचा अंगठा, घेताना साहेबाची सही, असं कसं चालेल?

ते काय म्हणतात आणि आपण काय म्हणायचं

ते म्हणतात, सहा-आठ पोरांत काय शिक्षण होतं? मोठ्या शाळेत खेळायला मैदान, संगणक, वर्गाला शिक्षक. हे म्हणणं अगदी खोटं नाही. चार वर्ग एका खोलीत बसतात तेव्हा चौथीचं पोर पहिलीच्या बाराखडीतच अडकतं, हे मी स्वतः भोगलंय. पण त्याचं उत्तर दुसरे गुरुजी देणं हे आहे. मैदान पाहिजे तर शनिवारी दोन-तीन पाड्यांची पोरं एकत्र आणा. संगणक पाहिजे तर एक इथे द्या. मोठी शाळा चांगली असेल, पण जिथे पोर पोचतच नाही, तिथलं मैदान त्याच्या काय कामाचं?

ते म्हणतात, गाडीची सोय करू, वाहतूक भत्ता देऊ. गाडी येणार कुठून? रस्ताच नाही. भत्त्याने नदीचं पाणी कमी होत नाही.

ते म्हणतात, आश्रमशाळा आहे की. मी आश्रमशाळेत शिकले, तिचे उपकार मी विसरत नाही. पण मी गेले तेव्हा दहा वर्षांची होते. सहा वर्षांचं पोर रात्री आईला शोधतं. ताप आला तर कोणाला सांगावं ते त्याला कळत नाही. आश्रमशाळेत पोर दगावल्याचं आपण दर पावसाळ्यात कुठून ना कुठून ऐकतो. लहान पोराची जागा आईजवळ, आणि शाळेची जागा पोराजवळ.

ते म्हणतात, खर्च परवडत नाही. गुरुजींचा पगार तर दुसऱ्या शाळेत बी द्यावाच लागणार. मग वाचलं काय? खिचडी शिजवणाऱ्या बाईचं मानधन आणि खडू. खिचडी शिजवणारी बाई आमच्याच पाड्याची, विधवा आहे. तिचं चूल पेटतं त्यावर.

आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. १९४५ ला बोर्डीला सुरू केलं, पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पोरं शाळेत येत नाहीत हे बघितल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. आज देशभर गावागावात अंगणवाडी आहे, त्या शब्दाचं मूळ आपल्या या डोंगरात आहे. ज्या मातीत शाळा पोराकडे चालत गेली, त्याच मातीत आज पोराला सांगतात, तू शाळेकडे चालत ये, नाहीतर राहा.

आपलं बी चुकतं

सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं होता येणार नाही. गुरुजी दोन दिवस आले नाहीत तर आपण विचारलं का? शाळा व्यवस्थापन समिती कागदावर आहे. कायद्याने तिच्यात चारांत तीन पालक आणि निम्म्या बाया पाहिजेत. आमच्या समितीत माझी वहिनी सदस्य आहे, हे तिला मागच्या महिन्यात कळलं! सही मात्र तिची दोन वर्षं चालू आहे. भट्टीवर जाताना आपण पोराला घेऊन जातो आणि गुरुजींना सांगत बी नाही. मग पटावर पोर आणि बाकावर कोणी नाही, असं झालं की साहेबाच्या हातात आपणच काठी देतो.

इंग्लिश मीडियमला पाठवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पोराचं भलं व्हावं असं कोणाला वाटत नाही? पण एक विचार करा. तीन घरं जीपमध्ये गेली म्हणून उरलेल्या चौदा पोरांची शाळा जाणार असेल, तर पुढे जीपचे पैसे फिटले नाहीत तेव्हा ती तीन पोरं परत कुठे येणार?

आता काय करायचं

१. आधी आपण पोरं मोजायची. ३ ते १४ वर्षांची सगळी. भट्टीवर गेलेली बी धरायची. नाव, जन्मतारीख, आईबापाचं नाव. आमच्याकडे पुढच्या जूनला अंगणवाडीतून पाच पोरं पहिलीत येणार आहेत आणि चौथीतून दोनच जाणार. म्हणजे पट वाढणार. हे साहेबांच्या कागदात कुठेच नाही.

२. अंतर मोजायचं. घरापासून दुसऱ्या शाळेपर्यंत किती, मध्ये नदी-ओहोळ किती, पाणी किती महिने असतं, ते लिहून काढायचं.

३. पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रात गावातल्या सामाजिक संस्थांवर आणि त्यांच्या नोकरांवर नियंत्रण ठेवायचा अधिकार त्यात ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. शाळा ही तशीच संस्था. शाळेचं वर्ष संपायच्या आत ग्रामसभा घ्या आणि ठराव करा. ठराव असा लिहिता येईल:

"आमच्या पाड्यातील प्राथमिक शाळा बंद करण्यास अथवा तिचे समायोजन करण्यास ही ग्रामसभा संमती देत नाही. पाड्यात ६ ते ११ वयाची एवढी मुले असून यादी जोडली आहे. जवळची दुसरी शाळा एवढ्या अंतरावर असून मध्ये नदी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दुसरा शिक्षक ताबडतोब द्यावा. ग्रामसभेला विचारल्याशिवाय शाळेबाबत कोणताही निर्णय घेऊ नये."

४. ठराव पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शिक्षण हक्काची तक्रार जिल्हा परिषदेकडे करता येते, तिने तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. नाही पटलं तर राज्याच्या बाल हक्क आयोगाकडे अपील करता येतं.

५. व्यवस्थापन समितीची बैठक खरी घ्या. पाणी पिण्याचं आहे का, संडास चालू आहे का, गुरुजी किती दिवस आले, हे वहीत लिहा. वही पाड्यावर ठेवा.

६. भट्टीवर जाताना पोराला आजीआजोबांजवळ ठेवता येत असेल तर ठेवा. हंगामी वसतिगृह मागा. न्यावंच लागलं तर गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल आणि इकडचं नाव टिकेल.

७. शाळेच्या रजिस्टरची नक्कल काढून ठेवा.

आमच्या पाड्याची ग्रामसभा येत्या अमावास्येला आहे, त्या दिवशी कोणी कामाला जात नाही म्हणून. आजूबाजूच्या पाड्यांनी बी यावं. बायांनी जास्त यावं, कारण पोर नदीकाठी थांबलं की काळजात कालवतं ते आपल्या.

साहेब सहा पोरं मोजून गेले. त्यांना मोजू द्या. त्या सहांत एक माझ्या अंगठा लावणाऱ्या बहिणीची पोरगी आहे. ती दुसरीत आहे. परवा तिने बाबांच्या पेटीतून तो पट्टा काढला आणि बोट ठेवून वाचायला लागली. "अ-क-रा गुं-ठे." मग मला विचारलं, "मावशे, आपलं तर चार एकर ना? मग हे कोणी लिहिलं?"

हा प्रश्न विचारणारं पोर पाड्यावर राहिलं पाहिजे. त्यासाठी शाळा पाड्यावर राहिली पाहिजे.

जमीन आमची, जंगल आमचं, शाळा बी आमची!

जिंदाबाद!

— तुमची एक कार्यकर्ती